दहा रुपयांचा गेम आणि हँडहेल्डचा गेम : किंमत खेळाच्या आत कुठवर शिरते?

खाडीकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी वेंगुर्ल्याकडचा. दहा वर्षं पुण्यात गेम बनवायचं काम केलं, लॉकडाउनमध्ये घरी आलो तो इथलाच झालो. गेली अडीच वर्षं मी आणि दोन मित्र मिळून रापणीवर एक गेम करतोय. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : होडीतून अर्धगोल जाळं सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसांनी ते ओढत आणायचे. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. आमचा सगळा खेळ या तोलावर आहे. म्हणून तो पहिल्यापासून हँडहेल्डसाठीच लिहिला, म्हणजे हातात धरून बटणांनी खेळायच्या छोट्या गेमयंत्रासाठी. डाव्या तर्जनीखालचं बटण म्हणजे डावा दोर, उजव्या तर्जनीखालचं उजवा. डोळे पाण्यावर, बोटं दोरावर. मोबाईलच्या काचेवर हेच करायला गेलं तर दोन्ही अंगठे नेमके समुद्रावर येतात आणि मासळी कुठे वळली ते दिसतच नाही.

गेल्या महिन्यात एका प्रकाशक कंपनीशी बोलणं झालं. गेम त्यांना मनापासून आवडला. मग म्हणाले, हँडहेल्डचं राहू दे, मोबाईलवर फुकट काढू. फक्त चार वेळा ओढल्यावर दोर तुटू द्या. अर्ध्या तासाने आपोआप जोडला जाईल, लगेच हवा असेल तर २९ रुपये. बोलणं पुढे जावं म्हणून मी तीन दिवस खपून ते घातलं आणि आमच्या काकांच्या हातात फोन दिला. ते जन्मभर रापणीला गेलेले. रंगात येऊन ओढत होते. दोर तुटला तसा फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दोर कोणी कापल्यान रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

फोनवर गेम स्वस्त आणि फुकट होण्याचं हे सगळं २००८ साली अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर उघडलं तिथून सुरू झालं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये फुकट अ‍ॅपच्या आतून विक्री करायची मुभा मिळाली, डिसेंबरात अँग्री बर्ड्स हा गेम ९९ सेंटला आला. २०११ च्या मार्चमध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीचा थ्रीडीएस हा हँडहेल्ड अमेरिकेत २४९.९९ डॉलरला निघाला, आणि पाच महिन्यांच्या आत त्याची किंमत १६९.९९ वर आणावी लागली. त्यावर चालणारा एकेक गेम साधारण ४० डॉलरचा. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी त्याच मार्चमध्ये गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत ही काळजी बोलून दाखवली होती. फोन विकणाऱ्याला खेळाची किंमत टिकवण्यात काही स्वारस्य नाही, त्याला दुकानात ढिगाने माल हवा, असा त्यांचा मुद्दा होता.

आता साधा हिशोब. दहा जणांची टीम, दीड वर्षं, माणशी महिना साठ हजार. झाले १ कोटी ८ लाख. गेम दहा रुपयांना विकला आणि दुकानाने तीस टक्के घेतले तर हातात सात रुपये. म्हणजे खर्च निघायलाच १५ लाख ४३ हजार लोकांनी विकत घ्यायला हवा. तोच गेम हँडहेल्डवर दोन हजारांना विकला आणि कॅसेटचा खर्च, दुकानदार, यंत्रवाल्याचा हिस्सा वजा जाऊन निम्मे जरी उरले, तरी १०,८०० प्रतींत भागतं.

माझा प्रश्न असा की मोबाईलच्या या किमतींनी हँडहेल्डसाठी खेळ घडवण्याच्या धंद्याचं नक्की काय केलं? आणि आमच्या रापणीचं मी काय करावं?

रातांबा

धंदा मेला असं म्हणायचंय का? निन्टेंडोचा स्विच १५ कोटींच्या वर विकला गेलाय. इतकी यंत्रं विकली जातायत म्हणजे लोकांना हँडहेल्ड हवाच आहे.

आणि हिशोबात एक दुरुस्ती. २०२१ पासून अ‍ॅपल आणि गूगल या दोन्ही मोठ्या दुकानांनी छोट्यांसाठी हिस्सा १५ टक्के केलाय. गूगलने तेव्हा वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत तोच दर लावला. म्हणजे दहातले साडेआठ हातात येतील, प्रती लागतील पावणेतेरा लाखांच्या आसपास.

खाडीकाठ

रातांबा, दुरुस्ती मान्य, आभारी आहे. पावणेतेरा लाख तरी कुठून आणू हा प्रश्न राहतोच.

स्विचबद्दल : तो घरातल्या टीव्हीलाही लागतो, म्हणजे टीव्हीचं यंत्र आणि हातातलं यंत्र अशी पूर्वी जी दोन दुकानं होती त्यांचं एक झालं. २००४ साली निघालेला निन्टेंडोचा डीएस १५ कोटी ४० लाख विकला गेला आणि त्याच पिढीतला सोनीचा पीएसपी आठ कोटींच्या आसपास. पुढच्या पिढीत थ्रीडीएस साडेसात कोटींवर थांबला, सोनीच्या व्हिटाने तर मानच टाकली. व्हिटाचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, थ्रीडीएसचं २०२० मध्ये. फक्त हातात धरायचं यंत्र डोळ्यांसमोर ठेवून, त्याच्या छोट्या पडद्याच्या मापाने खेळ लिहायचा, हे काम करणारी माणसं त्यानंतर पांगली.

भरतीओहोटी

खाडीकाठ बरोबर बोलतोय, पण यात एक कडी राहिली. डीएस एवढा विकला गेला तो अट्टल खेळाडूंमुळे नव्हे. २००५ सालचे ब्रेन एज आणि निन्टेन्डॉग्ज आठवा. एकात रोज पाच-दहा मिनिटं गणितं सोडवायची, दुसऱ्यात कुत्र्याचं पिल्लू पाळायचं. हे घेणारे आजी-आजोबा, गृहिणी, लोकलने जाणारे नोकरदार. एरवी गेमच्या दुकानाची पायरी न चढणारी माणसं. फोन आल्यावर पहिली हीच निघून गेली, कारण त्यांना हवं असलेलं पाच मिनिटांचं मन रमवणं फोनवर फुकट मिळायला लागलं. आणि गिऱ्हाइकांचा हाच गठ्ठा असल्यामुळे मधल्या वकुबाच्या टीमला काहीतरी विचित्र, नवं करून बघायची हिंमत होती. बडे प्रकाशक मोठ्या गेमवर जगले, एकटेदुकटे लोक पोटाला चिमटा घेऊन जगले. मधली फळी गेली. मी तिच्यातलाच एक. आता बँकेची अ‍ॅप लिहितो.

देवचार

माका एक सांगा, दोन हजाराची कॅसेट आमच्यातल्या कोणी कधी घेतल्यान? आमच्या लहानपणी आंगणेवाडीच्या जत्रेत ब्रिक गेम मिळायचो, पेन्सिल सेल घालूचो, नऊ हजार नवशे नव्व्याण्णव गेम म्हणून वर लिवलेला आणि आतमदी सगळे विटाच. तो पण बापाशीकडे रडान रडान घेतलेलो. आज माझो झील फोनवर मोटारी चालवता, फुटबॉल खेळता, एक पैसो न देता. तुमच्या हँडहेल्डच्या काळात गरिबाच्या पोराक यातला काय गावला नसता. स्वस्त झाला म्हणून शिव्या देव नकात.

खाडीकाठ

देवचार, तुझा मुद्दा मी टाळणार नाही. २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झालं आणि गेम वाडीवाडीत पोचले, ही मोठी गोष्ट आहे. माझा पहिला हँडहेल्डसुद्धा मामाने मस्कतहून आणलेला, विकत घ्यायची ऐपत घरात नव्हती. पण तुझा झील खेळतो त्याचे पैसे कोणीतरी भरतंय. कोण भरतंय आणि कशासाठी, ते बघायला हवं.

सुरंगी

मी गुहागरला होमस्टे चालवते, गेममधलं मला काही कळत नाही. पण कोण भरतंय ते मी सांगू शकते, कारण मी भरलेत.

मुलगा अकरा वर्षांचा. फुकटचा गेम म्हणून दिला. कधी २९, कधी ७९, एकदा १५९. "आई, एवढंच, परत नाही मागणार." मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर आमट्या, दारात गाड्या, कोण बघतंय मोबाईलकडे. जूनमध्ये बँकेचा हिशोब काढला तर चार महिन्यांत ३,१४० रुपये गेलेले. त्याला ओरडले, तो रडला, मग मीच त्याच्या शेजारी बसून तो गेम पाहिला. आणि मला त्याची दया आली. दर पाच मिनिटांनी तो खेळ त्याला अडवत होता. किल्ली संपली, दिवा विझला, थांब, नाहीतर पैसे दे.

माझे दीर बोटीवर असतात. त्यांनी त्यांचा जुना डीएस दिला, एका कॅसेटसह. कोडी सोडवायचा गेम होता. पावसाळाभर तो माजघरात बसून खेळला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात धावत स्वयंपाकघरात आला, हात माझे मोदकाच्या उकडीत, आणि म्हणाला, "आई, गेम संपला!" मी म्हटलं, बॅटरी गेली का? "नाही गं, संपला. गोष्ट संपली. नावं येतायत सगळ्यांची." ज्यांनी गेम केला त्यांची नावं वर सरकत होती, ती त्याने मला उभं राहून शेवटपर्यंत वाचायला लावली. अकरा वर्षांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा संपणारा खेळ पाहिला होता.

खाडीकाठ

सुरंगीताई, हे वाचून मी लॅपटॉप बंद करून किनाऱ्यावर चक्कर मारून आलो. मला जे तीन परिच्छेदांत सांगता आलं नाही ते तुमच्या मुलाने एका वाक्यात सांगितलं. एकदाच पैसे घेऊन विकलेल्या गेमला शेवट परवडतो. फुकटच्या गेमला परवडत नाही, कारण शेवट झाला की गल्ला बंद.

पेंढूरकर

शेवट वगैरे ठीक, पण मला वाटतं खरा घात नकलेने केला. थ्रीज नावाचा आकडे सरकवण्याचा गेम फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, किंमत दोन डॉलरच्या आत. तीन जणांनी चौदा महिने घासून काढलेला. महिन्याभरात त्याच्यासारखाच २०४८ आला, इटलीतल्या एका मुलाने शनिवार-रविवारात केलेला, फुकट. आज कोणालाही विचारा, २०४८ माहीत असतो. त्या मुलाला दोष देत नाही, त्याने पैसेही मागितले नव्हते. पण चौदा महिन्यांची मेहनत कोणाची हे लोकांच्या लक्षातही राहिलं नाही. कॅसेट छापावी लागायची तेव्हा निदान दोन दिवसांत नक्कल बाजारात येत नव्हती.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण. मॉन्युमेंट व्हॅली हा मोबाईलवरचा गेम चार डॉलरला होता, लोकांनी डोक्यावर घेतला. नंतर आठ नवे टप्पे करून त्यांचे दोन डॉलर मागितले तर लोकांनी एकेक तारा देऊन राग काढला. दोन डॉलर! आमच्याकडे वडा-पाव आणि कटिंग घेऊन बसलो तरी तेवढे होतात.

रातांबा

पेंढूरकर, कुठल्या टपरीवर बसता? आमच्या चिपळुणात दोन डॉलरमध्ये चौघांचं होतं. :-)

आंबोळी

मला हे सगळं आंब्यासारखं वाटतंय. वाशीला दुसऱ्या राज्यातला आंबा हापूस म्हणून खपतो आणि देवगडच्या पेटीला गिऱ्हाईक विचारतं, "एवढी का?" २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी रस्त्यावरचा माणूस चिकटपट्टीवरचं नाव बघत नाही, भाव बघतो. एकदा हाताला स्वस्ताची सवय लागली की चांगल्याला महाग म्हणतात.

भरतीओहोटी

आंबोळी, तुलना अर्धीच जुळते. आंब्याची दुसरी पेटी हवी तर दुसरं झाड लागतं. गेमची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून भाव शून्यापर्यंत घसरू शकतो. कॅसेट होती तोवर तिचा छापायचा खर्च भावाला खालून टेकू द्यायचा. तो टेकू निघाला.

बंदरवाडी

आमच्या हर्णैची एक आठवण सांगतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं. माड आडवे, कौलं उडालेली, विजेचे खांब रस्त्यात. वीज कित्येक दिवस नव्हती, टॉवर बंद. घरात चार मुलं, सगळ्यांच्या फोनमध्ये गेम, पण एकही उघडेना. आधी चार्जिंग नाही, जनरेटरवर केलं तर नेट नाही, आणि नेटशिवाय तो गेम सुरूच होत नाही. माझ्या माळ्यावरच्या पेटीत निन्टेंडोचा जुना गेम बॉय होता. चार पेन्सिल सेल घातले आणि ती टिंग वाजली. त्याच्या पडद्याला मागून उजेड नाही, म्हणून मुलं पडवीच्या कडेला उजेडात बसून आळीपाळीने खेळायची. पंधरा तास सहज जायचे एका सेलांच्या जोडणीवर.

गुन्पेई योकोई या माणसाने १९८९ मध्ये तो असा मुद्दाम केला. रंगीत पडदा करता आला असता, त्याने साधा, जुना, स्वस्त पडदा निवडला, म्हणजे यंत्र परवडावं, सेल टिकावेत आणि पडलं तरी चालावं. स्वस्त कसं करायचं हे त्यालाही कळत होतं. त्याने यंत्र स्वस्त केलं, खेळ पुरा ठेवला. देवचारच्या मुद्द्याचं उत्तर मला त्यात दिसतं.

देवचार

ह्या मात्र पटला.

चितारआळी

धागा उशिरा पाहिला. मी सावंतवाडीची, घरात गंजिफा रंगवायचं काम शिकलेय, म्हणून लिहिते.

निन्टेंडो १८८९ साली क्योटोत सुरू झाली ती हाताने बनवलेल्या पत्त्यांच्या कारखान्याच्या रूपात. फुलांची चित्रं असलेले हानाफुदा पत्ते. आमच्याकडे त्याच काळात गंजिफा खेळत होते. दशावतारी संचाची १२० पानं, दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. कागदावर कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचा, गोल कापायचा, घोटायचा, रंगवायचा, लाखेचा हात द्यायचा. मत्स्याच्या पानावरचा मासा काढताना शेपटीची रेघ एका श्वासात गेली नाही तर पान बाजूला ठेवतात.

मग छापील ५२ पत्ते आले. स्वस्त, सगळीकडे मिळणारे. चितारी थांबले. १९७० च्या सुमाराला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली नसती तर आज मी हे लिहिलं नसतं. कला वाचली. पण मला रात्री झोपताना टोचतं ते असं : लोक संच घेतात आणि चौकटीत लावतात. खेळतं कोण? माझ्या आजीला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत रामाच्या रंगाची उतारी आणि रात्री कृष्णाच्या रंगाची, हे पाठ होतं. माझ्याकडून संच घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना नियम विचारावेसेही वाटत नाहीत.

हँडहेल्डचे जुने गेम आता लोक काचेच्या कपाटात ठेवायला घेतात असं ऐकते. खाडीकाठ, तुमचा खेळ शोभेचा होऊ देऊ नका. किंमत पुरी घ्या, पण खेळणाऱ्याच्या हातात जाईल अशी ठेवा.

पेंढूरकर

चितारआळी, यावर वेगळा धागा काढाच. नियमांसकट.

रातांबा

मूळ प्रश्नाकडे येऊ. निन्टेंडोनेही मोबाईलवर एकरकमी किंमत लावून पाहिली होती. २०१६ मध्ये सुपर मारिओ रन, सुरुवातीचा भाग फुकट, मग एकदाच ९.९९ डॉलर. मारिओसारखा मारिओ, तरी कंपनीच्या अपेक्षेइतकं मिळालं नाही, आणि सोडतीसारखी पात्रं काढायला लावणाऱ्या त्यांच्याच फायर एम्ब्लेम हीरोज या गेमने जास्त कमावलं. तेव्हा मोबाईलवर पुरी किंमत घेऊन बघू हा विचार सोड. पण हँडहेल्ड आता फक्त कॅसेटवाला राहिलेला नाही. २०२२ पासून स्टीम डेक आहे, त्याच्यासारखे इतरही आहेत, त्यांवर संगणकाचे गेम चालतात. कॅसेट छापायला नको, साठा करायला नको. तुझी दोन्ही तर्जनींची बटणं त्यावर आहेत. मी पहिल्या प्रतिसादात उगाच वाद घातला असं वाटतंय, पण या वाटेने जा असं मनापासून सांगतो.

खाडीकाठ

मंडळी, चार दिवस विचार केला. प्रकाशकांना काल नाही कळवलं.

रातांबाने सांगितलेल्या वाटेने जातोय. संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, हँडहेल्डवर चालेल असा. किंमत ३४९ रुपये, एकदाच. पहिली रापण फुकट खेळता येईल, म्हणजे देवचारच्या झिलासारख्यांना निदान हात घालून बघता येईल. इंटरनेट लागणार नाही, ते बंदरवाडींच्या पडवीसाठी. तिघांचा खर्च काढायचा तर साधारण नऊ हजार प्रती जायला हव्यात. जातील की नाही, सांगता येत नाही. मित्रांपैकी एकजण दिवाळीनंतर नोकरी धरतोय, त्याचं घर चालायला हवं. उरलेलं काम मी रात्री करीन.

दोर तुटायचा भाग कालच काढला. तीन दिवसांत घातलेला, काढायला वीस मिनिटं लागली. संध्याकाळी काकांना परत खेळायला दिला, यावेळी बटणांच्या यंत्रावर. त्यांची बोटं जाड, दोन्ही बटणं सापडायला वेळ लागला. मग बोलायचे थांबले. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

देवचार

काका काय म्हणाले?

खाडीकाठ

"बांगडो कमी दिसता, पण रापण बरोबर."

सुरंगी

माझ्या मुलाला आधी द्याल ना? तो विचारतोय, याला शेवट आहे का?

खाडीकाठ

आहे, ताई. शेवटच्या दिवशी मासळीचे वाटे घालतात, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. मग होडी वर ओढून ठेवतात आणि नावं येतात. त्याला सांगा, काकांचं नाव सगळ्यांत आधी आहे.